जागेवर मिटवलेला अपघात

सोनारीचा रस्ता वर्षातून दोनदा फुलून जातो. एकदा चैत्रात, भैरवनाथाच्या यात्रेला. आणि दुसऱ्यांदा गळीत हंगामात, कारखान्याच्या दिशेने उसाच्या गाड्या लागतात तेव्हा. यात्रेची गर्दी चार दिवसांत पांगते. उसाची मात्र दिवाळीनंतर जी सुरू होते ती उन्हाळा तोंडावर येईपर्यंत हटत नाही. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, वाढ्यांनी दोन्ही अंगांना फुगलेले मालट्रक, त्यांच्यात मधूनच खडीचा हायवा, आणि या सगळ्यांतून वाट काढत निघालेली दुधाच्या कॅनची मोटारसायकल. परंडा तालुक्यात अंधारात घराबाहेर पडणाऱ्या माणसाला हे चित्र सांगायला नको.

धडक बसली की पहिल्या अर्ध्या तासात माणसं गोळा होतात. जखमीला उचललं जातं, ड्रायव्हर पळालेला असतो किंवा त्याला कुणीतरी धरून ठेवलेलं असतं. आणि मग गर्दीतलं एखादं जाणतं माणूस म्हणतं, “जागेवरच मिटवून टाका. कोर्टकचेरीत काय ठेवलंय?” मालकाला फोन जातो. पाच-दहा हजारांपासून बोलणं सुरू होतं, हाड मोडलं असेल तर वीस-तीस हजारांवर येतं. स्टॅम्पपेपरवर ‘आमची कोणतीही तक्रार नाही’ असं लिहून सह्या होतात आणि ट्रक पुढच्या खेपेला निघून जातो. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण या एका सल्ल्याने सोनारीसारख्या गावांतल्या माणसांचे जेवढे पैसे बुडाले असतील, तेवढे कोणत्या सावकारानेही बुडवले नसतील असं मला वाटतं.

कारण ज्या पैशांवर आपण पाणी सोडतो ते ट्रकमालकाच्या खिशातले नसतातच. ते त्याने आधीच भरलेले असतात. रस्त्यावर येणाऱ्या प्रत्येक गाडीला तृतीय पक्ष विमा, म्हणजे आपला ‘थर्ड पार्टी’, सक्तीचा आहे. ही सक्ती १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने आणली आणि ती १ जुलै १९४६ पासून अमलात आली. आजचा कायदा १९८८ चा, कलम १४६. एकूण वजन २० टनांच्या वर आणि ४० टनांपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला या विम्याचा वर्षाचा हप्ता १ जून २०२२ च्या दरांप्रमाणे ४३,९५० रुपये होता, जीएसटी वेगळा. हा हप्ता विमा कंपनी आपल्या मर्जीने ठरवत नाही, सरकार ठरवून देतं. आता हे पैसे ट्रकमालक कशासाठी भरतो? ट्रकचा पत्रा चेपला तर या विम्यातून त्याला एक रुपया मिळत नाही. तो भरतो तुमच्यासाठी. त्याच्या चाकाखाली किंवा बंपरपुढे येऊ शकेल अशा कुठल्याही अनोळखी माणसासाठी. जुन्या कायद्यात मालवाहू गाडीच्या कंपनीवरची जबाबदारी १९८२ नंतरही एका अपघाताला दीड लाखापर्यंतच होती. १९८८ च्या कायद्याने मृत्यू आणि दुखापतीच्या बाबतीत ती मर्यादा काढून टाकली. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण जेवढी भरपाई ठरवेल तेवढी कंपनीने द्यायची.

तरी मिटवामिटवी का होते? भीती दोन्हीकडे असते. ड्रायव्हरला जमावाच्या माराची भीती आणि तुरुंगाची. भारतीय न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्याला १० वर्षांपर्यंतच्या शिक्षेची तरतूद आली, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभरच्या ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या. ते पोटकलम सरकारने अजून लागू केलेलं नाही, पण धास्ती राहिलीच. मालकाला भीती गाडी अडकण्याची. ट्रक पोलीस ठाण्याच्या आवारात उभा राहिला तरी बँकेचा हप्ता थांबत नाही. खरं तर मोटार वाहन निरीक्षकाने तपासणी केली आणि न्यायालयाने हमीपत्र घेतलं की गाडी सुटते. आणि जखमीच्या घरच्यांना वाटतं की गुन्हा नोंदवला तर आयुष्यभर तारखा. त्यांना हे माहीत नसतं की फौजदारी खटला आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत. फौजदारीत ड्रायव्हर निर्दोष सुटला तरी भरपाई मिळू शकते, कारण तिथे संशयापलीकडचा पुरावा लागतो आणि इथे शक्यतेचं पारडं कुठे झुकतं एवढंच बघायचं असतं.

म्हणून पहिलं काम दवाखान्याचं, दुसरं पोलीस ठाण्याचं. १०८ ची गाडी बोलवा. केंद्र सरकारच्या मे २०२५ च्या योजनेप्रमाणे रस्ते अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या रुग्णालयात अपघाताच्या दिवसापासून ७ दिवस, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार मिळायला हवेत. दवाखान्यात पोचल्यावर हे विचारायचं. आपणहून कुणी सांगेल याची वाट बघू नये.

इथे या भागाची एक खास अडचण येते. सोनारी धाराशिव जिल्ह्यात, पण गंभीर जखमीला पुष्कळदा बार्शीला नाहीतर सोलापूरला हलवतात, आणि तो जिल्हा दुसरा. तिथल्या रुग्णालयाने पाठवलेली एमएलसीची, म्हणजे मेडिको-लीगल केसची, खबर तिथल्या पोलिसांकडे जाते, तिथून कागद परंड्याकडे यायचा असतो. जिल्हा बदलला की कागदाची चाल मंदावते. तो आपोआप येईल या भरवशावर बसून राहिलेली कुटुंबं महिन्यानंतर चौकशी करतात, आणि तोपर्यंत ट्रकचा नंबरही दोन साक्षीदार दोन प्रकारे सांगू लागलेले असतात. तेव्हा घरातला एक माणूस दवाखान्यात थांबला तर दुसऱ्याने घटनास्थळाच्या हद्दीतल्या ठाण्यात जाऊन फिर्याद द्यावी. उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलेलं आहे. माणूस आधी जखमीला वाचवणार की ठाणं गाठणार, एवढं न्यायाधीशांनाही कळतं. पण उशीर जेवढा मोठा, तेवढा कंपनीच्या वकिलाचा ‘ट्रक नंतर घुसडला’ हा प्रश्न टोकदार होत जातो.

ट्रकचा नंबर हाती असला की बाकीचं फार अवघड नाही. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की विमा कोणत्या कंपनीचा आणि कधीपर्यंतचा हे दिसतं, योग्यता प्रमाणपत्राची मुदतही दिसते. त्याचा स्क्रीनशॉट त्याच दिवशी काढून ठेवावा. दोन फोटो मात्र कुणी काढत नाही आणि नंतर तेच हवे असतात. एक, दोन्ही गाड्या हलवण्याआधीचा, रस्त्याच्या कडेची खूण दिसेल असा, म्हणजे कोण कोणाच्या बाजूला आलं ते कळतं. दुसरा, ट्रकच्या किंवा ट्रॉलीच्या मागच्या बाजूचा. तिथे लाल दिवा होता का, परावर्तक पट्टी होती का, की नंबरप्लेट उसाच्या वाढ्यांखाली झाकली गेली होती? घटनास्थळ पंचनाम्यात ‘टायर घसरल्याच्या खुणा’, ‘रस्त्याची रुंदी’, ‘काचांचा सडा’ अशा ओळी असतात. पुढे निकालाचा कौल पुष्कळदा त्या तीन-चार ओळींवर फिरतो, म्हणून पंच म्हणून उभं राहणाऱ्याने सही करण्याआधी त्या वाचाव्यात.

पोलिसांनाही आता वेळापत्रक आहे. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे तपासी अंमलदाराने अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत न्यायाधिकरणाला आणि विमा कंपनीला पाठवायचा, जखमीला त्याचे हक्क सांगणारा कागद १० दिवसांत द्यायचा, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत द्यायचा. हा सविस्तर अहवालच दाव्याचा अर्ज म्हणून धरता येतो. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात हे सगळ्या राज्यांना बजावलं. कागदावर ही पद्धत इतकी चांगली आहे की वकिलाशिवायही भरपाई मिळावी. प्रत्यक्षात ठाण्यातला अंमलदार बंदोबस्तात, यात्रेत, निवडणुकीत गुंतलेला असतो. त्यामुळे ‘माझ्या केसचा सविस्तर अहवाल गेला का?’ हा प्रश्न विचारत राहणं ही कुटुंबाची जबाबदारी ठरते. महाराष्ट्रातले जुने वकील अजूनही ‘डबल ए फॉर्म’ मागतात. तो म्हणजे राज्याच्या नियमांतला कॉम्प-एए नमुना, गाडी, चालक, मालक, विमा आणि जखमी यांची माहिती पोलिसांनी एका जागी भरून दिलेला.

कंपनीकडूनही हालचाल व्हायला हवी. खबर मिळाल्यावर तिने अधिकारी नेमायचा आणि ३० दिवसांत तडजोडीचा प्रस्ताव न्यायाधिकरणापुढे ठेवायचा, असं कलम १४९ म्हणतं. आणि इथेच एक खड्डा आहे. कलम १६४ प्रमाणे चूक कोणाची हे सिद्ध न करता मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख मिळतात. तेराव्याच्या आसपास घरात पैसा नसताना ५ लाखांचा प्रस्ताव आला तर नाही कोण म्हणेल? पण तो या वाटेने स्वीकारला की कलम १६६ खालचा मोठा दावा संपतो. मोठा म्हणजे किती मोठा, ते एकदा हिशेब मांडून बघू.

समजा, सोनारीजवळचा ३४ वर्षांचा एक माणूस. थोडी जिरायत जमीन, दोन म्हशी, आणि गावातलं दूध गोळा करून डेअरीला घालण्याचा धंदा. पत्नी, दोन लहान मुलं, आई. महिन्याची कमाई १५,००० रुपये सिद्ध झाली असं धरू. मालट्रकच्या धडकेत तो गेला. वर्षाचं उत्पन्न १,८०,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळिशीच्या आत, म्हणून पुढे कमाई वाढली असती यासाठी ४० टक्के धरायचे: २,५२,०००. घरात त्याच्यावर अवलंबून चौघं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा: १,८९,०००. आता गुणक. ३१ ते ३५ वयाला तो १६ आहे. गुणाकार ३०,२४,०००. शिवाय सहवास हरपल्याबद्दल चौघांना प्रत्येकी ४८,४००, म्हणजे १,९३,६००; अंत्यविधी आणि संपदेचं नुकसान यांचे प्रत्येकी १८,१५०. बेरीज ३२,५३,९००. वर दावा दाखल केल्या तारखेपासून व्याज, जे साधारण ६ ते ९ टक्क्यांच्या घरात दिलं जातं.

हे गुणक आणि वजावटी २००९ च्या सरला वर्मा निकालातून आल्या. टक्केवारी आणि ठोक रकमा ३१ ऑक्टोबर २०१७ च्या प्रणय सेठी निकालातून, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाच्या. त्या ठोक रकमा दर ३ वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात, म्हणून ४०,००० चे ४८,४०० झाले. थोडक्यात, भरपाई न्यायाधीशाच्या दयेवर नाही, गणितावर आहे, आणि सातवी शिकलेल्या माणसालाही ते करता येतं. वीस हजारांत मिटवणाऱ्या जाणत्याने ते एकदा करून बघावं.

या गणितात एकच आकडा वादाचा राहतो, तो म्हणजे पहिला. महिन्याचे १५,००० कशावरून? नोकरदाराकडे पगारपत्रक असतं. शेतकऱ्याच्या बाबतीत कंपनीचा वकील सातबारा हातात घेऊन म्हणतो, जमीन तर आहे तिथेच आहे, उत्पन्न बुडालं कुठे? न्यायालयांनी हे म्हणणं अर्धं मान्य केलेलं आहे. जमिनीचं उत्पन्न चालू राहतं, पण ती कसणारा, राखणारा माणूस गेला त्याची किंमत धरायची. म्हणून नुसत्या सातबाऱ्यावर विसंबू नये. डेअरीचं दर दहा दिवसांचं दूधबिल, ते जमा होणारं बँकेचं पासबुक, कारखान्याची ऊसबिलाची पावती, मोटारसायकलच्या कर्जाचे वेळेवर गेलेले हप्ते, हा सगळा उत्पन्नाचा बोलका पुरावा आहे. दूधबिलाची चिठ्ठी आपण खिशात चुरगाळून टाकतो. डेअरीच्या संगणकावर ती असते, सचिवाकडून सहीशिक्क्यासह वर्षभराचा उतारा घ्यावा. आणि मृत व्यक्ती गृहिणी असेल तर ‘ती काही कमवत नव्हती’ असं घरच्यांनीच सांगू नये. तिच्या कामाला मोल धरावंच लागतं, हे जानेवारी २०२१ च्या कीर्ती प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा ठासून सांगितलं.

माणूस वाचला पण अधू झाला तर हिशेब जरा बदलतो. जिल्हा रुग्णालयाच्या प्रमाणपत्रावर पायाचं ४० टक्के अपंगत्व असेल तर कमाई ४० टक्केच बुडाली, असं सरळ धरायचं नाही. २०१० च्या राजकुमार निकालात यासाठी समजेल असं उदाहरण आहे: डावा हात गेला तर गाडी चालवणाऱ्याची किंवा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते, कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. ऊसतोड करणाऱ्याचा गुडघा वाकत नसेल तर त्याचे ४० टक्के हे ४० नव्हेत. हे डॉक्टरांच्या साक्षीत यावं लागतं आणि त्यासाठी डॉक्टरांना तारखेला बोलवावं लागतं. खाजगी दवाखान्याची मूळ बिलं, औषधांच्या पावत्या, बार्शीला ये-जा केलेल्या गाडीभाड्याची चिठ्ठी, सगळं एका पिशवीत. झेरॉक्स चालत नाही असं नाही, पण मूळ कागद नसला की तेवढी रक्कम गळते.

कंपनी मग काय काय म्हणते? ड्रायव्हरकडे योग्य लायसन्स नव्हतं, परवाना नव्हता, योग्यता प्रमाणपत्र संपलं होतं. यातल्या बऱ्याच हरकतींनी जखमीने घाबरायचं कारण नाही. २००४ च्या स्वरणसिंग निकालापासून साधारण पद्धत अशी की कंपनीने आधी जखमीला पैसे द्यायचे आणि मग हवे तर मालकाकडून वसूल करायचे. लायसन्सचा एक जुना वादही मिटला आहे: हलक्या वाहनाचं लायसन्स असलेल्याला साडेसात टनांपर्यंतची व्यावसायिक गाडी चालवता येते, हे घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केलं. छोट्या टेम्पोच्या अपघातात हे उपयोगी पडतं. दुसरी हरकत, मोटारसायकलवर तिघं होते. असतील, पण तिघं बसल्यामुळेच अपघात झाला हे दाखवल्याशिवाय नुसत्या तेवढ्यावर रक्कम कापता येत नाही, हेही २०२० पासून स्पष्ट आहे.

हंगामात सगळ्यात जास्त वाजणारी हरकत वेगळीच: ‘आमची गाडी तर उभी होती, हाच येऊन मागून धडकला.’ टायर फुटलेली ट्रॉली अंधारात, मागे दिवा नाही, दगड लावून रस्त्यावरच उभी. अशा वेळी दोष अर्धा-अर्धा वाटून टाकायची न्यायाधिकरणांना सवय होती. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हमरस्त्याच्या मध्ये कसलीही खूण न लावता सोडलेल्या ट्रेलरच्या प्रकरणात ही वाटणी उलटवली आणि दोष ट्रेलरकडे दिला. मागच्या बाजूच्या त्या फोटोचं महत्त्व इथे कळतं. ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक बघायचं. विमा ट्रॅक्टरचा आहे, पण ट्रॉलीचा आहे का? आणि तो शेतीकामापुरता आहे की भाड्याच्या वाहतुकीचा? यावर वर्षानुवर्षं वाद चाललेले आहेत.

यात्रेला जाणाऱ्यांसाठी तर हे नीट सांगितलंच पाहिजे. टेम्पोत किंवा मालट्रकच्या हौद्यात सतरंजी टाकून पंचवीस-तीस माणसं देवाला निघतात. ही गाडी कलंडली तर आत बसलेल्यांना तिच्या तृतीय पक्ष विम्याचं संरक्षण नाही. मालवाहू गाडीत मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी मालाबरोबर बसला असेल तर १९९४ च्या दुरुस्तीने त्याला धरलं आहे, फुकट किंवा भाडं देऊन बसलेल्या प्रवाशाला नाही. आशा राणी प्रकरणात २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने हे पक्कं केलं. समोरून आलेल्या दुसऱ्या गाडीची चूक असेल तर तिच्या कंपनीकडून मिळेल, ते वेगळं. पण नुसती आपलीच गाडी उलटली तर मालकाच्या ऐपतीवर सगळं येतं, आणि त्याची ऐपत तो टेम्पोच असतो.

विमा किती लांबपर्यंत पोचू शकतो याचा मात्र महाराष्ट्रातलाच एक दाखला आहे. २९ ऑक्टोबर १९८७. पुणे-बंगळूर महामार्गावर सातारा जिल्ह्यातल्या कवठे गावाजवळ पहाटे तीनच्या सुमाराला पेट्रोलचा टँकर आणि मालट्रक यांची धडक झाली. टँकर रस्त्याच्या खाली वीसेक फुटांवर आडवा पडला, पेट्रोल झिरपू लागलं. सकाळ झाली, माणसं भोवती जमली, आणि सव्वासातच्या सुमाराला स्फोट झाला. काही जण भाजून गेले. त्यातल्या एका मुलाच्या आईने कोणाची चूक हे न बघता मिळणारी तेव्हाची भरपाई मागितली, १५,००० रुपये. समोरून युक्तिवाद असा की धडक तीनला झाली, मृत्यू स्फोटाने झाला, पडलेला टँकर काही ‘वापरात’ नव्हता. न्यायाधिकरणाने दावा फेटाळला. उच्च न्यायालयाने तो मान्य केला आणि जुलै १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही: गळती धडकेमुळे, स्फोट गळतीमुळे, तेव्हा चार तासांनी झाला तरी तो वाहनाच्या वापरातूनच उद्भवलेला अपघात. पंधरा हजारांसाठी ते प्रकरण दिल्लीपर्यंत लढलं गेलं. बंद पडलेल्या, कलंडलेल्या, उभ्या गाड्यांच्या दाव्यांत आजही देशभर हाच निकाल पुढे केला जातो.

दावा कुठे लावायचा? ट्रक तमिळनाडूचा असो की हरियाणाचा, त्याच्या गावी जायची गरज नाही. अपघात झाला तिथे, आपण राहतो तिथे किंवा समोरचा राहतो तिथे, यातलं न्यायाधिकरण आपण निवडायचं. म्हणजे सोनारीच्या माणसाला पुण्याजवळ ट्रकने उडवलं तरी तो दावा धाराशिव जिल्ह्यात लावू शकतो. मुदत मात्र जपावी. २०२२ पासून ती अपघातानंतर ६ महिने झाली आहे. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे, पण त्या भरवशावर आपला कागद अडवून ठेवू नये.

वकिलाच्या बाबतीत एक बोचरं सत्य. दवाखान्याच्या दारातच ‘क्लेम करून देतो, निम्मे तुमचे निम्मे आमचे’ म्हणणारी माणसं भेटतात. मिळणाऱ्या रकमेत वाटा ठरवून फी घ्यायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीची माणसं यांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो. विधवेच्या दाव्यात तर पहिली चौकशी तिथेच करावी. राष्ट्रीय लोकअदालतीत असे दावे भराभर मिटतात आणि पैसे लवकर मिळतात, यात शंका नाही. पण तिथला निवाडा अंतिम असतो, त्यावर अपील नाही. वर मांडलेलं गणित हातात घेऊन तिथे बसावं, आणि कंपनीने आकडा सांगितला की आपला आकडा त्याच्या शेजारी लिहावा. मला विचाराल तर दोन-तीन वर्षं वाचत असतील तर गणितापेक्षा थोडं कमी घेणं शहाणपणाचं. निम्म्यावर येणं नव्हे.

गाडीच्या नुकसानीबद्दल थोडक्यात. आपल्या कारचा सर्वंकष विमा असेल तर दुरुस्ती आपल्याच कंपनीकडून करून घेणं सोपं. गाडी गॅरेजला खोलण्याआधी कंपनीला कळवायचं, सर्व्हेअर बघून जाईपर्यंत हात लावू द्यायचा नाही. प्लास्टिक-रबराच्या भागांवर निम्मा घसारा कापला जातो आणि नो क्लेम बोनस जातो. दुरुस्तीचा खर्च विमा किमतीच्या तीन चतुर्थांशांवर गेला तर गाडी पूर्ण नुकसानीत धरली जाते. ट्रकच्या विम्यातूनही मालमत्तेची भरपाई मिळते, साधारणपणे साडेसात लाखांपर्यंत. काही मालक हप्ता वाचवायला ती मर्यादा ६,००० रुपयांवर आणून ठेवतात. आपल्याच कंपनीने अडवणूक केली तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. ट्रकच्या कंपनीविरुद्ध मात्र तिथे जाता येत नाही, कारण ती पॉलिसी आपली नाही.

ट्रक न थांबता पळाला आणि नंबर मिळालाच नाही, तरी हात रिकामे नसतात: मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५० हजार, अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदारांकडे. आणि गेलेला माणूस शेतकरी असेल किंवा शेतकरी कुटुंबातला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचे २ लाख यापेक्षा पूर्ण वेगळे, तालुका कृषी कार्यालयातून. त्याने दाव्याच्या रकमेला धक्का लागत नाही. वय १० ते ७५ एवढी अट. मुदत लहान असल्याने दहावं झालं की गावातल्या कृषी सहायकाला गाठावं.

निवाडा झाल्यावर कंपनीने ३० दिवसांत रक्कम भरायची. अपिलात गेली तर छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाते आणि त्यासाठी तिला आधी काही पैसे जमा करावे लागतात. रक्कम आली की घरात दुसरा अध्याय सुरू होतो, ज्याबद्दल वकील बोलत नाहीत: सून आणि सासू-सासरे. कोणाला किती हे न्यायाधिकरण निवाड्यातच वाटून देतं आणि ते ज्याच्या-त्याच्या बँक खात्यात जातं, भाऊबंदांच्या हातात नाही. मुलांचा वाटा राष्ट्रीयीकृत बँकेत ती सज्ञान होईपर्यंत मुदत ठेवीत राहतो. व्याज आईच्या खात्यावर मिळावं अशी विनंती निवाड्याच्या वेळीच करावी लागते. शाळेच्या फीसाठी किंवा दवाखान्यासाठी मुद्दलातून काढायचं असेल तर अर्ज, कारण आणि पावती जोडून न्यायाधिकरणाची परवानगी घ्यावी लागते, आणि ती मिळते.